मास्कची कड



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते छातीचे डॉक्टर होते. मी डॉक्टर नाही, साचे करणारा माणूस आहे. भोसरीच्या टूलरूममध्ये सिलिकॉनच्या वस्तूंचे मोल्ड काढण्यात माझी हयात गेली, आणि त्यातला मोठा काळ एकाच वस्तूवर गेला: श्वासाच्या रुग्णाला लावायचा मास्क. तेव्हा औषधपाण्याबद्दल माझ्याकडून काही ऐकायला मिळणार नाही. मी बोलणार आहे ते कडेबद्दल, म्हणजे मास्क आणि चेहरा जिथे एकमेकांना टेकतात त्या बोटभर रुंदीच्या जागेबद्दल.

मास्क म्हटलं की अजूनही 2020 साल आठवतं आणि समोरचा माणूस विषय बदलतो. तो मास्क वेगळा. हा मास्क नळीने यंत्राला जोडलेला असतो आणि त्यातून दाबाखालची हवा नाकात, किंवा नाकातोंडात, जाते. झोपेत ज्यांचा घसा मिटून श्वास अडतो त्यांना सीपॅप लावतात, म्हणजे रात्रभर एकसारखा दाब. ज्यांची फुफ्फुसं थकली आहेत त्यांना बायपॅप, म्हणजे श्वास घेताना जास्त दाब आणि सोडताना कमी. यंत्र लाखभराचं असो की चाळीस हजारांचं, त्यातून निघालेली हवा रुग्णाच्या आत जाते की डोळ्यांवर फुंकर मारून खोलीत जाते, हे शेवटी कडेवर ठरतं. आणि घरोघरी काय होतं? यंत्र घेताना चार ठिकाणी चौकशी होते, मास्क मात्र खोक्यात आला तो.

झोपेतल्या श्वासरोधावरच्या या उपचाराचा उगम सिडनीचा. 1980 पर्यंत झोपेतल्या श्वासरोधाच्या तीव्र रुग्णाला खात्रीचा इलाज एकच होता. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची, रात्री ती उघडी ठेवायची, दिवसा बुजवायची. कॉलिन सलिव्हन हे डॉक्टर त्याआधी टोरांटोत झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनावर संशोधन करून आले होते. जून 1980 मध्ये, गळ्याला छिद्र नको म्हणणाऱ्या एका रुग्णाला त्यांनी नाकावाटे थोड्या दाबाने हवा दिली. घशाचा मऊ भाग आतून हवेनेच उघडा राहील, ही त्यामागची कल्पना. तो माणूस शांत झोपला. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा निबंध आला. दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याचा, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या तळाशी असतो तेवढाच. एवढ्याशा दाबाने गळ्यावरची शस्त्रक्रिया टळली.

पण ती हवा नाकात पोहोचवायची कशी? रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरमध्ये ठसा घ्यायचा, त्याबरहुकूम फायबरग्लासचा मास्क घडवायचा आणि रोज रात्री सिलिकॉनच्या चिकटाने तो चेहऱ्याला चिकटवून टाकायचा. सकाळी सोलून काढायचा. मिशीवाल्यांची पंचाईतच. तरीही माणसं वर्षानुवर्षं हे रोज करत राहिली, कारण त्यांना झोप मिळाली होती. शोध लागला 1980 मध्ये, पण तो सर्वसामान्यांच्या उशाशी यायला आणखी दहा वर्षं लागली, आणि त्या दहा वर्षांत माणसाच्या शरीरशास्त्रात काही बदल झाला नव्हता. चिकटवावी न लागणारी कड तयार व्हायची होती.

आता थोडं गणित. दाब दहा सेंटिमीटर पाण्याचा असेल तर दर चौरस सेंटिमीटरवर दहा ग्रॅम भार पडतो. नाकापुरत्या मास्कचं तोंड 25 चौरस सेंटिमीटर धरलं तर हवा त्या मास्कला 250 ग्रॅम बलाने चेहऱ्यापासून ढकलते. नाकातोंडावरचा मोठा मास्क 70 चौरस सेंटिमीटरचा आणि बायपॅपचा वरचा दाब 20 असेल, तर हाच आकडा 1400 ग्रॅम होतो. एवढं बल पट्ट्यांनी मागे ओढून धरायचं असतं. इथवर कोणीही सांगेल.

गंमत पुढे आहे. बायपॅपवरचा रुग्ण श्वास सोडतो तेव्हा दाब वीसवरून, समजा, पाचवर येतो. हवेचं ढकलणं 1400 वरून 350 ग्रॅमवर उतरतं. पट्टे मात्र जेवढे ताणलेले होते जवळजवळ तेवढेच ताणलेले राहतात. मग उरलेला एक किलोचा भार कोण घेतं? कातडी. आणि तीही सगळीकडे सारखी नाही. गालाला मांस आहे, तो दबतो आणि सुटून जातो. नाकाच्या दांड्यावर कातडी आणि हाड यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे भार तिथे जाऊन बसतो. म्हणजे रुग्णाच्या प्रत्येक उच्छ्वासाला मास्क त्याच्या नाकावर एकदा बसतो. मिनिटाला वीस श्वास धरले तर दिवसभरात हे अठ्ठावीस हजारांच्या पुढे जातं. आयसीयूमधून बाहेर आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या नाकाच्या दांड्यावर जी काळपट-लाल खूण दिसते, कधी चक्क जखम, तिचं मूळ इथे आहे.

केशवाहिन्यांमध्ये रक्त किती दाबाने वाहतं हे युजीन लँडिस यांनी 1930 मध्ये नखाच्या कडेच्या कातडीत मोजलं होतं. रक्त येतं त्या टोकाला सरासरी 32 मिलिमीटर पारा, म्हणजे पाण्याच्या भाषेत 43 सेंटिमीटरच्या आसपास. त्यापेक्षा जास्त दाब एकाच जागी तासन्‌तास राहिला तर तिथलं रक्त थांबतं, हा ढोबळ हिशेब. माणसागणिक तो बदलतो, रक्तदाब पडलेल्या रुग्णात तर रक्त फारच लवकर थांबतं. तरी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा: आतली हवा दहा, कातडीची सहनशक्ती त्रेचाळीस. हवा अडवण्यापुरताच दाब कडेने दिला तर कातडीला इजा होण्याचं कारणच नाही. इजा होते ती आपण पट्टे आवळतो म्हणून.

यावर शोधलेली युक्ती मला मनापासून आवडते, आणि ती आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी हाताळलेली आहे. सायकलच्या पंपात चामड्याचा वाटीसारखा वायसर असायचा. पंप दाबला की आतली हवाच त्या वाटीचा काठ नळीच्या भिंतीला चिकटवायची; दाब जितका जास्त तितकी कड अधिक पक्की. चांगल्या मास्कची कड तशीच आहे. आत वळलेला सिलिकॉनचा पातळ पापुद्रा, जाडीला अर्ध्या मिलिमीटरच्या आत. यंत्र सुरू झालं की आतली हवा त्या पापुद्र्याला फुगवते आणि तो नाकाच्या खळग्यांत, गालाच्या उतारावर आपणहून जाऊन बसतो. त्याच्यामागे एक जाडसर भिंत असते, पापुद्रा कोलमडू नये म्हणून. पट्ट्यांनी फक्त मास्क जागेवर धरायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला असे फुगणाऱ्या कडेचे मास्क बाजारात आले आणि चिकटाची ट्यूब घराघरातून हद्दपार झाली.

पण पट्टे आवळले की ही युक्ती मरते. पापुद्रा मागच्या भिंतीवर चेपला जातो, त्याला सुरकुत्या पडतात, सुरकुतीतून हवा निसटते. हवा निसटली की नातेवाईक आणखी आवळतात. मग आणखी सुरकुत्या. रात्री दोन वाजता वॉर्डात हे चक्र कुठवर जातं ते इथल्या सिस्टरना विचारा. गळणारा मास्क पुष्कळदा आवळल्याने नव्हे, सैल केल्याने थांबतो. यंत्र चालू ठेवूनच मास्क चेहऱ्यापासून जरा उचलायचा, कडेला फुगू द्यायचं, पुन्हा अलगद टेकवायचा. पट्ट्याखालून दोन बोटं सरकली पाहिजेत. याला खर्च शून्य.

कारखान्यात हा पापुद्रा काढणं हे मात्र शून्य खर्चाचं काम नाही. त्याबद्दल थोडं सांगतो, कारण व्याख्यानांतून टूलरूमबद्दल कोणी बोलत नाही. द्रवरूप सिलिकॉन दोन भागांत येतं. दोन्ही भाग थंड ठेवून मिसळायचे आणि तापलेल्या मोल्डमध्ये सोडायचे. प्लॅस्टिकच्या मोल्डिंगच्या बरोबर उलट. हे द्रव्य दाबाखाली इतकं पातळ वाहतं की मोल्डच्या दोन अर्धुकांमध्ये काही मायक्रॉनची फट राहिली तरी तिथे घुसतं आणि फ्लॅश काढतं, म्हणजे कडेवर केसासारखी चिंधी. म्हणून जिथे कातडी टेकणार आहे तिथे पार्टिंग लाइन, म्हणजे त्या दोन अर्धुकांच्या सांध्याची रेघ, येऊच द्यायची नाही. आता पापुद्रा आत वळलेला, तोंड अरुंद, आतला गाभा बाहेर काढायचा कसा? सिलिकॉन ताणून, उलटं करून, सोलल्यासारखं काढावं लागतं. आणि मध्येच एखाद्या नवीन मुलाने लॅटेक्सचे हातमोजे घालून मोल्ड पुसला, तर लॅटेक्समधल्या गंधकाने, सिलिकॉन घट्ट करणाऱ्या प्लॅटिनमची उत्प्रेरक क्रिया बिघडते आणि माल चिकट, कच्चा राहतो. सगळी शिफ्ट कारण शोधत बसते. आमच्याकडे ‘लॅटेक्स बंद’ ही पाटी मशीनवर होती, गणपतीच्या फोटोच्या शेजारी.

इतका खटाटोप कशासाठी, हे एका आकड्याने सांगतो. दमकोंडीच्या जुनाट रोगात, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, अचानक श्वास खालावला की पूर्वी घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावणं आलंच. 1995 मध्ये लोरां ब्रोशार आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या रुग्णालयांत 85 रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 74 टक्क्यांना नळी घालावी लागली, मास्कवाटे दाब मिळालेल्यांपैकी 26 टक्क्यांना. मृत्यू 29 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आले. आपल्याकडे हा रोग विडी-सिगारेटवाल्यांपुरता नाही. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायकांनाही तो होतो. अशी एखादी आजी मास्क ओढून काढते तेव्हा ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो. ती कशाला सहकार्य नाकारतेय, हे एकदा तिच्या नाकावर बघावं.

आता चेहऱ्यांकडे येतो. 1938 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये वैमानिकांसाठी प्राणवायूचा एक मास्क तयार झाला. बूथबी, लव्हलेस आणि बुलबुलियन या तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला बीएलबी म्हणत. पहिले दोघे डॉक्टर. आर्थर बुलबुलियन हे मात्र क्लिनिकच्या वैद्यकीय संग्रहालयात शरीराच्या प्रतिकृती घडवणारे, आणि अपघातात किंवा आजारात नाक-कान गमावलेल्यांसाठी कृत्रिम अवयव बनवण्यात तरबेज. मला यात योगायोग वाटत नाही. ज्याने शेकडो नाकं हाताने घडवली, त्यालाच ठाऊक की ‘सरासरी नाक’ नावाची वस्तू जगात नाही.

इतरांना ते उशिरा कळलं. धूळ-धुराच्या श्वसनमास्कची मापं तपासण्यासाठी अमेरिकेत 1970 च्या दशकात चेहऱ्यांचा एक नमुना-गट ठरवला गेला, तो हवाई दलातल्या माणसांच्या मोजमापांवरून. तरुण, सडपातळ, तपासून घेतलेली माणसं. पुढे 2003 मध्ये तिथे असे मास्क वापरणाऱ्या सुमारे चार हजार लोकांचे चेहरे मोजले, तेव्हा दिसलं की खऱ्या कामगारांचे बरेच चेहरे त्या चौकटीत बसतच नाहीत. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देवकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक 1997 मध्ये प्रसिद्ध केलं. माझ्या टेबलावरची त्याची प्रत वापरून वापरून सुटी झाली आहे. खुर्ची, ओटा, हँडल यांच्यासाठी ते सोन्यासारखं आहे. पण फुगणाऱ्या कडेला हवं असतं ते डोक्याच्या घेरापलीकडचं: नाकाच्या दांड्याची उंची आणि त्याचा उतार, नाकपुडीपासून गालापर्यंतचा खळगा, ओठाखालची हनुवटी आत आहे की बाहेर. आणि हे आडवं झाल्यावर, कारण झोपलं की गालाचं मांस कानाकडे सरकतं आणि बसून घेतलेलं माप निरुपयोगी होतं.

शिवाय चेहरा म्हणजे हाडंच थोडी? आजोबांनी रात्री कवळी काढून वाटीत ठेवली की ओठ आणि गाल आत जातात, आणि दुपारी चपखल बसलेला नाकातोंडावरचा मास्क रात्री खालच्या ओठाशी गळायला लागतो. अंबाडा घालणाऱ्या बाईच्या डोक्यावर मागचा पट्टा बसतच नाही. तो मानेवर सरकतो आणि मास्क खाली ओढतो. तेल लावलेल्या केसांवरून तो असाही घसरतो. चमकी आत रुतते. दाढीतून हवा गळतेच. कोविडच्या काळात शीख डॉक्टरांनी दाढी न काढता, तिच्यावरून रबराची पट्टी हनुवटीखालून ताणून डोक्यावर बांधायची आणि मग मास्क चढवायचा, अशी तोड काढली. ‘सिंग ठाठा’ नावाने ती वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आली. अडचण ज्याची, तोड त्याचीच. परदेशी साच्यातून आलेला लहान, मध्यम, मोठा असा मास्क पाठवणाऱ्याला ना अंबाडा ठाऊक, ना कवळीची वाटी.

एक गोष्ट मात्र सावधपणे सांगायला हवी. मास्क हवाबंद हवा, पण पूर्ण बंद नको. सीपॅपच्या मास्कला मुद्दाम बारीक भोकं ठेवलेली असतात. रुग्णाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यातून बाहेर धुऊन निघतो. दहाच्या दाबाला मिनिटाला तीसेक लिटर हवा तिथून जाते. ही गळती नव्हे, हा उपचाराचा भाग आहे. शेजारी झोपणाऱ्याला वारा लागतो म्हणून त्या भोकांवर चिकटपट्टी लावलेली मी पाहिली आहे, आणि ती लावणारा माणूस शिकलेला होता. कृपा करून असं करू नका. व्हेंटिलेटरच्या दुहेरी नळ्यांसाठी विनाभोकांचे मास्क वेगळे मिळतात. दोन्हींची अदलाबदल घरी कधीही करायची नाही. तसंच काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या कळा असतात. काढायला-घालायला फार सोयीच्या, पण पेसमेकर किंवा तत्सम उपकरण शरीरात असलेल्यांनी त्या टाळाव्यात. दोन मोठ्या उत्पादकांनी 2022 आणि 2023 मध्ये तशा सूचना काढल्या. चुंबक आणि उपकरण यांत निदान पंधरा सेंटिमीटर अंतर हवं, आणि ही काळजी शेजारी झोपणाऱ्याच्या पेसमेकरचीही घ्यायची.

नाकाला स्पर्शच नको, या दिशेनेही लोक गेले. इटलीत पारदर्शक हेल्मेट वापरतात. कड नाकावरून मानेवर जाते. शिकागोत 83 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेल्मेटवाल्यांपैकी 18 टक्क्यांना नळी घालावी लागली, मास्कवाल्यांपैकी 62 टक्क्यांना. मार्च 2020 मध्ये, कोविडच्या लाटेत, इटलीतल्या ब्रेशाजवळ मास्क संपले तेव्हा रेनातो फावेरो या डॉक्टरांच्या कल्पनेवरून इसिनोवा या छोट्या कंपनीने पोहण्याच्या स्नॉर्केल मास्कला थ्रीडी छपाईचा व्हॉल्व्ह लावून काम भागवलं. आणीबाणीतली हुशारी म्हणून मी टोपी काढतो. पण त्याच मास्कचा घाट घालून रोजचा धंदा करू नये. तान्ह्या बाळांचा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. जॉर्ज ग्रेगरी यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 20 नवजात बाळांना असा दाब दिला, 16 वाचली, तो निबंध 1971 चा. पण किलोभराच्या बाळाच्या दोन नाकपुड्यांमधला पडदा कागदासारखा असतो, आणि तिथे मोठ्यांचा एकही नियम चालत नाही.

पुन्हा मोठ्यांकडे येतो. सीपॅपचा उपचार पुरेसा घेतला म्हणायला रात्री चार तास आणि दहापैकी सात रात्री, असं माप डॉक्टर लावतात. पुष्कळ रुग्ण तिथवर पोहोचत नाहीत आणि यंत्र कपाटावर जातं. दोष दिला जातो रुग्णाच्या चिकाटीला. माझं मत स्पष्ट आहे: यंत्राच्या किमतीत मास्क घालून विकणारी पद्धतच चुकीची आहे. मास्क वेगळा निवडला गेला पाहिजे आणि बदलून मिळाला पाहिजे.

म्हणून दोन मागण्या करतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी मास्क घेताना त्याला आडवं करून, यंत्र त्याच्या ठरलेल्या दाबावर चालवून, दोन्ही कुशींवर वळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि पहिल्या महिन्यात बदलून देण्याचं दुकानदाराकडून लिहून घ्यावं. दुसरी मागणी इथल्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना आहे. थ्रीडी स्कॅनर आज तुमच्या प्रयोगशाळांत धूळ खात आहेत. कोकणातले, विदर्भातले, मेळघाटातले, गोव्यातले चेहरे मोजा. म्हातारे, बिनदातांचे, आडवे झोपलेले मोजा आणि ती मापं सर्वांना खुली ठेवा. हे काम जे कोणी हाती घेतील त्यांच्या पहिल्या मोल्डचं डिझाइन मी विनामोबदला करून देईन. माझा पत्ता व्याख्यानमालेच्या कार्यवाहांकडे आहे.